रिकाम्या सीटचा बेल्ट

शोरूममध्ये तिला सगळे 'चिकट' म्हणायचे. तोंडावर चिकटताई, माघारी नुसतंच चिकट. काचेच्या दारातून आत आलेलं गिऱ्हाईक तिच्या हाती लागलं की त्याची सुटका नाही, अशी तिची ख्याती होती. 'नुसतं बघायला आलोय' म्हणणाऱ्याला ती आधी खुर्ची द्यायची आणि मग गाडीची चावी. गाडी बोलून विकली जात नाही, बुडाखाली आली की विकली जाते, असं तिचं ठाम मत होतं.

त्या हंगामात दारावर मोठा फलक लागला होता: गाडी चालवून बघा, छत्री घेऊन जा. गोदामात छत्र्यांचा ढीग पडला होता. नुसत्या छत्रीसाठी येणारे महाभागही होते. एक गृहस्थ तर निळी छत्री बदलून लाल घ्यायची म्हणून पुन्हा एकदा गाडी चालवून गेले. सेल्सवाल्यांसाठी आमिष वेगळं होतं. ज्याच्या टेस्ट ड्राइव्हमधून सगळ्यात जास्त बुकिंग होतील, त्याला हंगाम संपताच डेमोची गाडीच बक्षीस. राखाडी रंगाची, अनोळखी हातांनी थोडी मळलेली, पण अजून नव्याचा वास असलेली गाडी.

बाकीच्यांना ती गाडी हवी होती. तिला तिची गरज होती.

तिच्या बाबांची वाचा गेली होती. आजारातून उठले, हातपाय हळूहळू ताब्यात आले, पण जीभ काही वळली नाही. वाचेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "रोज आणा. खंड पडला तर उरलंय तेही जाईल." बाईंचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. बसची पायरी बाबांना चढवत नव्हती. आणि भाड्याच्या गाडीचं म्हणाल, तर बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेल्या. भाडेवाले पुढे बसू देत नसत, आणि मागच्या सीटवर बसवू लागलं की ते दाराची चौकट धरून ठेवायचे आणि लहान मुलासारखे रडायचे. शेजारच्या काकू दिवसभर त्यांची देखभाल करायच्या. ते खिडकीत बसून रस्त्याकडे बघायचे. पूर्वी तिला ठकू म्हणून हाक मारायचे. ती हाक ऐकून युगं लोटली, असं तिला वाटायचं.

तेव्हा काहीही होवो, गाडी घ्यायचीच, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

मग त्या गाडीत टिंगटिंग सुरू झालं.

कुणी बेल्ट न लावता बसलं की गाडी वाजते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. सीटमध्ये वजन ओळखणारी एक चकती असते. तिला माणूस आणि पिशवी यांतला फरक कळत नाही. भरलेली पिशवी ठेवली तरी ती बोंब मारते. पण इथे मागची सीट मोकळी होती. गिऱ्हाईक स्टिअरिंगवर, ती शेजारी, आणि नेमकी तिच्या पाठीमागची सीट टिंगटिंग करायची. गिऱ्हाईक चिडायचं. "नव्या गाडीचं हे असं, तर जुनी झाल्यावर काय?" म्हणायचं आणि छत्री घेऊन निघून जायचं.

वर्कशॉपच्या इलेक्ट्रिशियनने सीट उचकटली, चकती बदलली, वायर बदलली. पुन्हा टिंगटिंग.

"सीट म्हणतेय कुणीतरी बसलंय," तो हात पुसत म्हणाला. "तेही अधूनमधून. मध्येच आवाज तुटतो, म्हणजे वजन उचललं जातं. परत टेकलं की परत चालू."

"कुणाचं वजन?"

"ते मला काय विचारता, ताई? मी वायर बघतो." मग त्याने या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असलेला तोडगा सांगितला, "बेल्ट लावून टाका ना रिकाम्या सीटला. गप्प बसेल."

तिने बेल्ट ओढला, मोकळ्या सीटवरून आडवा घेतला आणि खटक्यात बसवला. आवाज थांबला. पदरी पडलं पवित्र झालं म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

ते गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. टेस्ट ड्राइव्हचा रस्ता ठरलेला होता: फाटकातून बाहेर, उड्डाणपूल, पाण्याच्या टाकीला उजवीकडे वळसा आणि परत. बाईंनी टाकीपाशी गाडी सरळ डावीकडे घेतली.

"मॅडम, उजवीकडे घ्यायचं होतं."

"अहो, आत्ताच तर डावीकडे म्हणालात!"

"मी?"

"मग कोण मी?" बाई हसल्या. शोरूमच्या आवारात गाडी उभी करून त्यांनी बेल्ट काढला, मान वळवली, मागच्या सीटकडे बघून "येते हं" म्हणाल्या, आणि आत जाऊन तडक गाडी बुक केली.

चिकटताईने रस्ता सांगणारा नकाशा तपासला. तो बंद होता. रेडिओही बंद होता. वयस्कर माणसं बोलतात काहीही, असं म्हणून तिने विषय सोडून दिला.

त्यानंतर आला एक भांड्यांचा दुकानदार. घासाघीस हा ज्याचा श्वास, असा माणूस. टायरपासून पायपुसण्यापर्यंत सगळ्यावर तो हुज्जत घालत होता. टाकीपाशी डावीकडे वळला आणि गप्प झाला. कालव्याचा पूल ओलांडून बराच आत गेला आणि एका लाँड्रीसमोर थांबला. मग त्याने गाडी वळवली. बुकिंगच्या वेळी त्याने एक पैसाही कमी करायला सांगितलं नाही. फक्त निघताना दारात थबकला.

"आणखी एक छत्री द्या."

"एका गाडीला एकच छत्री असते, शेठ."

"माझ्यासाठी नाही हो. तुमच्या त्या मागे बसलेल्यांना दिली नाहीत तुम्ही. बरं दिसत नाही."

तिने बाहेरच्या गाडीकडे बघितलं; मागची सीट रिकामीच होती. तरी तिने एक निळी छत्री उचलली, गाडीपाशी गेली आणि मागच्या सीटवर ठेवली. का ठेवली, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण दुकानदार तिच्याकडे बघत होता, आणि गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही हे तिचं ब्रीद होतं.

ती लाँड्री तिच्या घराच्या रस्त्यावरच होती. तिच्या साड्या इस्त्रीला तिथेच जायच्या.

ती काही भित्री बाई नव्हती. तिने पडताळून बघायचं ठरवलं. एका गिऱ्हाइकासोबत तिने मागचा बेल्ट मुद्दाम उघडा ठेवला. सीट कोकलत राहिली, गिऱ्हाईक वैतागून उतरलं. पुढच्याला बेल्ट लावला. गाडी डावीकडे वळली, पूल ओलांडला, बुकिंग झालं. तिने पुन्हा उघडा ठेवून बघितला, पुन्हा लावून बघितला. दर वेळी तेच. दुसऱ्या सेल्सवाल्याने ती गाडी नेली, तर तिच्यात ना टिंगटिंग ना काही. त्याची गिऱ्हाइकं मुकाट्याने उजवीकडे वळायची आणि छत्र्या घेऊन घरी जायची.

"तुझ्या हाताला यश आहे," मॅनेजर म्हणाला.

"हाताला नाही साहेब, बेल्टला," ती म्हणाली. त्याला तो विनोद वाटला.

भीती वाटत नव्हती असं नाही. पुढच्या सीटवर बसलं की मानेच्या मागे कुणाच्या तरी असण्याचा भास व्हायचा, थंड नाही की गरम नाही, नुसता. पण भीती घेऊन घरी बसलं तर बाबांना केंद्रावर कोण नेणार होतं? तिने दात आवळले आणि रोज सकाळी आल्याआल्या बेल्ट लावत राहिली. एकदा तिच्या लक्षात आलं की बेल्ट आता सीटला चिकटून बसत नाही. मध्ये जागा राहते. एका बारीक अंगाच्या माणसाइतकी.

गाडी दर वेळी थोडी पुढे जाऊन थांबत होती. लाँड्री, मग औषधांचं दुकान, मग वळणावरचा विजेचा खांब. हंगाम संपत आला तेव्हा एक तरुण नर्स गाडी चालवायला आली. तिने गाडी थेट एका जुन्या इमारतीच्या फाटकाशी नेऊन उभी केली.

चिकटताई ज्या इमारतीत राहत होती, तिच्याच फाटकाशी.

"इथे का थांबलात?" तिने विचारलं.

"वर कुणीतरी वाट बघतंय म्हणालात ना?" नर्सने काचेतून वर बघितलं. "ते बघा."

खिडकीत बाबा होते. त्यांचा हात वर झाला होता. महिनोन्‌महिने कुणासाठीही वर न झालेला तो हात ओळखीच्या माणसाला करावा तसा हलत होता. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर मागच्या काचेवर होती.

संध्याकाळी घरी गेली तर काकू दारातच उभ्या. "अगं, बाबा आज बोलले! दुपारी खिडकीत बसल्या बसल्या. काय ते कळलं नाही, पण शब्द होता, आवाज नव्हे. तू गेलीस त्या वेळेला... म्हणजे खाली तुझी ती गाडी उभी होती ना, तोवरच. नंतर परत मुके."

त्या रात्री तिला आनंदाने रडू आलं. आनंदच होता तो. त्याच्या तळाशी काय होतं, ते तिने ढवळलं नाही.

बक्षीस तिलाच मिळालं. दुसरं कोण घेणार होतं? मॅनेजरने टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी तोंडदेखल्या वाजवल्या. ऊन उतरायला लागलं होतं तेव्हा ती एकटी गाडी घेऊन निघाली. मागचा बेल्ट लावलेला होता. सीटवर निळी छत्री होती. टाकीपाशी ती आपणहून डावीकडे वळली, आणि पाठीमागे कुणीतरी समाधानाने टेकून बसावं तशी सीट करकरली.

फाटकाशी तिने इंजिन बंद केलं. उतरून मागचं दार उघडलं.

"आलं घर," ती म्हणाली आणि खटका दाबला.

बेल्ट सर्रकन मागे गेला. तिने दोन पावलं मागे सरून वाट मोकळी केली. मग दार लावलं आणि जिना चढली.

दार उघडंच होतं. काकू आत भाजी चिरत होत्या. बाबा खिडकीत होते, पण पाठ रस्त्याकडे करून. समोर त्यांनी दुसरी खुर्ची ओढून घेतली होती. खुर्चीला टेकवून निळी छत्री ठेवलेली होती.

"ठकू," बाबा म्हणाले. "पाणी दे यांना."

शब्द स्वच्छ होते. काकूंच्या हातातली सुरी खाली पडली. तिने धावत जाऊन बाबांच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि ढसाढसा रडली. बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत होते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगत होते, "ही लहानपणापासून अशीच. एकदा धरलं की सोडायची नाही." मग काहीतरी ऐकून मनापासून हसले.

तिने पाणी आणलं. खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवलं. बाबा बोलत राहिले. रस्ते, घाट, बिघडलेली इंजिनं, साहेबलोकांच्या खोडी. साठून राहिलेलं सगळं बाहेर पडत होतं. असंच चालावं, एवढंच तिला वाटत होतं. ते कुणाशी बोलतायत, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

मग बाबा थांबले.

"निघतो म्हणतात."

"कुठे?"

"लांब... जायचं... म्हण..." त्यांचा ओठ एका बाजूला ओघळला. "ठ... ठ..."

तिने खुर्चीकडे बघितलं. छत्री तिथे नव्हती.

ती जिन्यावरून धावत सुटली. मागे काकू हाका मारत होत्या. गाडीचं दार उघडून तिने चावी फिरवली.

टिंग. टिंग. टिंग.

मागच्या सीटवर छत्री आडवी पडली होती.

टिंग. टिंग. मग आवाज तुटला. परत एक टिंग. वजन उठू बघत होतं.

तिने मागचं दार उघडलं, अंग आत घातलं आणि बेल्ट ओढला.

"बसा," ती म्हणाली. "कुठे जाताय? बसा."

खटका बसला. आवाज थांबला.

वर खिडकी उघडली. "ठकू!" बाबांचा आवाज रस्त्यावर खणखणीत ऐकू आला. "कुणाशी बोलतेस गं खाली?"

"कुणाशी नाही, बाबा! आले!"

तिचा तळहात अजून बेल्टवर होता. बेल्ट हाताखाली हळूच वर आला. खाली गेला. पुन्हा वर आला, या वेळी घाईने, धडपडत.

तिने तो आणखी बोटभर आवळला.