काठोकाठ भरलेली बाटली

"लिंबू हाय का?"

फरहान माझ्याशी पहिल्यांदा बोलला ते हे. दोन हजार सहा साल, नांदेडची आमची प्रयोगशाळा, आणि मी खिचडीचा डबा नुकताच उघडलेला. त्याला मोरचुदाच्या निळ्या पाण्यातून तांब्याचे नॅनोकण करायचे होते, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, आणि नेमकं त्यात घालायचं औषध संपलं होतं. मी लिंबू दिलं. पाणी तापत तापत लालसर झालं, तो माझ्याकडे बघून हसला... आणि माझी खिचडी डब्यातच राहिली.

पण तो लाल रंग टिकेना. हवा लागली की हिरवा. तीनदा झालं तसं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याचं घर पडलेलं. त्याची अम्मी रेणापुरात अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. लातूरचे क्लासवाले त्याला शिकवायला बोलवून राहिले होते. तो म्हणाला, तुमचंच लिंबू घालून शेवटची बाटली करतो, आठ दिवस बघतो. या वेळी हिरवं झालं तर संशोधन सोडून लातूर गाठतो.

मला तो जायला नको होता. बस्स.

माझे अब्बा, गुलाम रसूल, कल्हई करायचे. घासलेलं तांबं हवेला दाखवायचं न्हाई, लगेच झाकायचं, हे त्यांचं रोजचं. मी फरहानला सांगितलं, पाणी आधी उकळून त्यातली हवा घालवा, बाटली काठोकाठ भरा, वरून मेण लावा. तर हसून म्हणतो कसा, कल्हईवाल्यांची पोरगी आता आम्हाला शिकवणार! असा राग आला म्हणता... मी गुपचूप माझी वेगळी बाटली केली.

आठव्या दिवशी सकाळी लवकर गेले. त्याची बाटली हिरवी पडलेली. मी ती मागं सारली आणि तिथं माझी लाल ठेवली.

तो आला. बाटली उचलून उजेडाला धरली.

"लुबना, ही माझी न्हाई. माझी गळ्यापाशी रिकामी होती. ही काठोकाठ भरलीय."

मी खाली मान घातली. "चिडलात?"

"न्हाई. हरलो." मग बाटली खाली ठेवून म्हणाला, "तू अशीच शिकवत राहशील? जन्मभर?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मी म्हटलं, "आधी अब्बांची माफी मागा. मग विचारा."

त्याच दुपारी अब्बांकडे गेला, खरंच. लाल बाटली तपासणीला गेली. संशोधन सुटलं नाही. शनिवार-रविवार तो लातूरला शिकवायचा, सोमवारी पहिल्या एसटीनं परत. आमचं लग्न झालं, अम्मीचं पक्कं घरही झालं.

हिरवी बाटली मी मागून घेतली. त्याच घरात, फडताळात, अजून आहे. फरहान म्हणतो, फेकून दे की, बिघडलेली हाय. मी फेकत नाही. लिंबू माझंच होतं तिच्यात.