चिकटपट्टीखालची हजेरी

पावणे गावातल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात १९८६ साली कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीत थंडगार हवा, आणि चपला बाहेर काढायच्या. साहेबांनी उत्साहानं हजेरीची बुकं रद्दीत घातली. पुढच्या वर्षी, सप्टेंबरअखेर, सरलेल्या अख्ख्या बारा महिन्यांची हजेरी एका फ्लॉपीवर होती. ऑपरेटर अरुणा तिला तान्ह्या बाळासारखी जपायची. धूळ नको, बोट नको, लोहचुंबक तर नकोच. वर कोणी काही लिहू नये म्हणून कडेच्या खाचेवर चिकटपट्टी. आता यंत्रालाही तिच्यावर काही लिहिता-पुसता येणार नव्हतं.

कॅन्टीनच्या मालतीबाईला कायम व्हायचं होतं. कारखाना तिच्याच नवऱ्याच्या शेतावर उभा. तो, गोटीराम, जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यासाठी लागणारे दोनशे चाळीस दिवस भरल्याचा पुरावा फक्त त्या फ्लॉपीत होता, आणि दसऱ्यानंतर सरकारी अधिकारी तपासायला येणार होते.

खंडेनवमीला आम्ही पाने-पकडी, तराजू, स्टेपलर पुजले. मालतीबाईनं फ्लॉपी पुजली. तिच्या पाकिटाच्या लांबट भोकातून दिसणाऱ्या उघड्या चकतीवरच हळदकुंकू!

"अहो मालतीबाई, हे काय केलंत!" अरुणा किंचाळली.

"चपला काडून जाता ना तुमी? मंग देवच हाय तो."

"तुमचीच हजेरी पुसलीत," मी म्हटलं.

अधिकाऱ्यांसमोर अरुणानं कापसानं पुसलेली फ्लॉपी आत सरकवली. यंत्र बराच वेळ किरकिरलं. मग पडद्यावर नावं उमटली.

मालतीबाई म्हात्रे, २४३ दिवस.

आम्ही श्वास सोडला. खाली आणखी एक ओळ आली.

गोटीराम म्हात्रे, ३६५.

"रविवारपन?" मालतीबाई म्हणाली. "जिता असताना येक दिस येळेवर कामाला गेला नाय."

"हे नाव काढा, मगच सही," अधिकारी म्हणाले.

अरुणानं पट्टी सोलली, ती ओळ पुसली, पट्टी परत लावली.

मालतीबाईची ओळही गेली होती.

मालतीबाईनं डोक्यावर पदर घेतला. पडद्याला म्हणाली, "ओ, या बगू परत. सायबांना मी सांगते."

पट्टी जागेवर होती. अरुणाचे हात मांडीवर.

दोन्ही ओळी परत आल्या.

अधिकाऱ्यांनी घाम पुसून सही केली. मालतीबाई कायम झाली.

फायलीला लावायला मी छापील कागद घेतला. गोटीरामची येण्याची वेळ फक्त पहिल्या दिवसाची होती. जाण्याची एकाही दिवसाची नव्हती.