एकाच पत्त्यावर दोघं

सुजित पहिल्यांदा आला तेव्हा संजीवनी प्रिंटरसमोर हताश उभी होती आणि बाहेर गेटवर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्र्याचे डबे बनवणारी ती कंपनी. मालासोबतचं चलन छापून हातात पडल्याशिवाय माल गेटबाहेर जायचा नाही. ते काम संजीवनीचं, आणि प्रिंटर रोज अकराच्या सुमारास हटकून ‘ऑफलाइन’ व्हायचा.

“बिघडलाय, की रुसलाय?” दुरुस्तीला आलेल्या सुजितनं हत्यारांची बॅग खाली ठेवत विचारलं.

“ते तुम्ही सांगायचं,” ती म्हणाली. हसायचंही त्राण नव्हतं तिच्यात. त्यानं वर पाहिलं... आणि क्षणभर तसाच पाहत राहिला.

तीन दिवस तो येत राहिला. वायर तपासली, राउटर बंद-चालू केला, सगळं काढून नव्यानं टाकलं. प्रिंटर चालायचा, तो जायचा आणि दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा तेच. मॅनेजर नरेंद्र सरांनी सगळ्यांदेखत सुनावलं, की संजीवनीला मशीन हाताळता येत नाही. उलट बोलायलाही ताकद लागते, आणि तिची सकाळी आठच्या आतच संपलेली असायची. दोन वर्षांपूर्वी वडिलांना, आनंदरावांना, लकवा मारला. त्यांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, पेज भरवायची... मग शेजारच्या सखूमावशींना बसवून ऑफिस गाठायचं. मधे दोन स्थळं येऊन गेली. मुलगी पसंत होती, पण वडिलांचं काय, असं दोघांनीही विचारलं. ते माझ्याजवळच राहणार, असं तिनं सांगितलं. पुन्हा कोणाचा फोन आला नाही.

शनिवारी सुजित आला तो इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात आपल्या कंपनीचं कार्ड न घालता.

“आज सुट्टी आहे माझी,” तो म्हणाला. “सोमवारपासून हे काम दुसऱ्याकडे जाणार. त्याआधी हा नेमका कसा बंद पडतो, ते डोळ्यांनी बघायचंय.”

मग दोघं प्रिंटर बंद पडायची वाट बघत बसले. तो उल्हासनगरला एकटाच राहतो, दिवसाला सहा-सात ऑफिसं फिरतो, जेवण कुठेतरी उभ्या-उभ्या उरकतो, असं त्यानं सांगितलं. ती फाइल घ्यायला उठली तेव्हा तिचा हात नकळत कमरेवर गेला.

“घरी पेशंट आहे?”

ती दचकली.

“माझी आई तीन वर्षं अंथरुणावर होती,” तो हळूच म्हणाला. “माझीही कंबर अशीच जायची. तुम्ही वळवताना खाली चादर घेता, की नुसत्या हातांनी उचलता?”

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. वडील कसे आहेत, एवढंच सगळे विचारायचे. ती खिडकीकडे वळली.

अकरा दहाला प्रिंटर गेला. सुजितनं या वेळी त्याचं बटणच बंद केलं आणि कॉम्प्युटरवरून प्रिंटरच्या नेटवर्कवरच्या नंबरला हाक दिली. पलीकडून उत्तर आलं.

“बघा,” तो म्हणाला, “प्रिंटर बंद आहे, तरी त्याच्या पत्त्यावरून कोणीतरी ओ देतंय. एकाच नंबरवर दोघं आहेत.”

शोधत शोधत तो पोचला नरेंद्र सरांच्या लॅपटॉपपाशी. सर अकराला येत, लॅपटॉप उघडत आणि प्रिंटर पडत असे. सर म्हणाले, संजीवनीनंच काहीतरी चुकीचं जोडलं असणार.

“नाही सर,” सुजित शांतपणे म्हणाला. “हा नंबर तुमच्याच लॅपटॉपवर हातानं टाकलेला आहे. मॅडमनी कशालाही हात लावलेला नाही.”

त्यानं नंबर बदलला, चलन छापलं गेलं, ट्रक सुटला.

बॅग भरायला मात्र त्यानं फार वेळ लावला.

“आता हा त्रास देणार नाही,” तो म्हणाला. “उद्या रविवार... मी घरी येऊ? चादरीनं कसं वळवायचं ते दाखवतो. कंबर वाचेल तुमची.”

नाही म्हणायची तिला सवय होती. तरीही वाया गेलेल्या एका चलनाच्या मागच्या बाजूला तिनं घराचा पत्ता लिहून दिला.

अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांचं घर. सुजित नऊला आला. “जय भीम, काका,” म्हणत आनंदरावांजवळ बसला, काय करणार ते आधी त्यांना सांगितलं, मगच हात लावला. चादर ओढून अलगद वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली. परक्या माणसासमोर अवघडून जाणारे आनंदराव अडखळत म्हणाले, “बरं... वाटतं.”

“तुम्ही बसा जरा,” सुजित तिला म्हणाला.

ती खुर्चीत टेकली... आणि जागी झाली तेव्हा ऊन उंबऱ्यावर आलं होतं. वडिलांची दाढी झालेली, अंगात धुतलेला सदरा. आतल्या खोलीत सुजित दाढीचा मग विसळत होता.

“उठवायचं ना मला,” ती ओशाळून म्हणाली.

“का? किती दिवसांनी झोपलात.”

ती दारातच थांबली. “एक आधीच सांगते. बाबांना सोडून मी कुठेही जाणार नाही.”

“सोडून या म्हणायला आलोच नाही मी.” तो दाढीचा मग पुसत राहिला, मान वर न करता. “माझं सामान दोन बॅगांत मावतं, संजीवनी. तुम्ही हो म्हणालात तर... मीच येईन इकडे.”

तिनं त्याच्या हातातला मग घेतला, आणि हातही सोडला नाही.

बाहेरच्या खोलीतून आनंदरावांचा तुटक आवाज आला, “चहा... टाक गं. तिघांचा.”