न्यू मॉल्डनमधले तीन नमस्कार

दारात बूट काढायचे असतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. लंडनच्या न्यू मॉल्डन भागातल्या त्या कोरियन हॉलबाहेर ‘कृपया पादत्राणे काढा’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी दिसली आणि मी तिथेच, बाहेरच्या पोर्चमध्ये, बूट काढून मोकळी झाले. माझ्या शेजारी आणखी एकाने काढले. बाकीची वीसेक माणसं बुटांसकट आत गेली, कारण बूट ठेवायची जागा आतल्या दाराशी होती... आणि मधे होता लांबलचक पॅसेज, सगळ्यांच्या छत्र्यांनी ओलाचिंब केलेला.

मी माझ्या पांढऱ्या मोज्यांकडे बघितलं. त्याने त्याच्या करड्या मोज्यांकडे बघितलं.

“परत घालायचे?” त्याने इंग्रजीत विचारलं.

“आता कुठे परत लेस बांधत बसू...” मी स्वतःशीच मराठीत पुटपुटले.

त्याचा चेहरा एकदम उजळला. “पुणे?”

“नागपूर!” मी जरा जोरातच म्हणाले. आमच्याकडे हे असं गृहीत धरलेलं खपत नाही.

“सॉरी, सॉरी. नागपूर.” तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जास्त मिटत होता. “मी परीक्षित. पुण्याचा — त्याला आता इलाज नाही. राहतो ब्रिस्टलला.”

“धम्मशीला. लेस्टर.”

माझं नाव ऐकलं की आपल्याकडची बरीच माणसं अर्धा क्षण थांबतात. मनात काहीतरी जुळवतात, मग जरा जास्तच गोड हसतात. तो अर्धा क्षण मला लांबून ओळखू येतो. हा थांबलाच नाही. “चल मग धम्मशीला, वन टू थ्री म्हणून पळू,” म्हणाला आणि खरंच पळाला. मीही पळाले.

आत मिसेस यून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सत्तरीच्या, लहानखुऱ्या, आणि पुढचे दोन दिवस आम्हाला कोरियन रीतभात शिकवणाऱ्या. आमच्या पायांकडे बघून त्यांनी दोघांना कोरड्या मोज्यांची एकेक जोडी दिली. माझ्या मोज्यांवर बदकं होती.

खरं तर ही ट्रिप माझ्या मैत्रिणीची, सीमाची आयडिया. आम्ही दोघी लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर. ड्यूटीनंतर कोरियन मालिका बघायचं आमचं व्यसन. मिनतवाऱ्या करून ड्यूटीचा रोटा बदलून घेतला, लंडनचा हा वीकेंड बुक केला, आणि शुक्रवारी तिच्या मुलीला ताप आला. मी एकटीच निघाले, तोंड पाडून.

त्याच शनिवारी सकाळी आम्ही तिथल्या बाजारात, हाय स्ट्रीटवर फिरलो. दुकानांच्या पाट्या कोरियन, सुपरमार्केटमध्ये मुळ्याचं लालभडक लोणचं बादल्यांनी. मिसेस यून पुढे, आम्ही मागे, आणि वर लंडनची ती रिमझिम, जिच्यात छत्री उघडली तर लाज वाटते आणि नाही उघडली तर सर्दी होते. परीक्षितने उघडली. माझ्यावर धरली. स्वतःचा उजवा खांदा भिजवत राहिला आणि मी ते बघितलं नाही असं दाखवत राहिले.

जेवायला बसल्यावर मिसेस यूननी प्रत्येकाचं वय विचारलं. टेबलाभोवतीच्या इंग्रज बायका गडबडल्या. पण कोरियन माणसाला समोरच्याचं वय कळल्याशिवाय बोलताच येत नाही म्हणे, कारण मोठ्याशी बोलायची भाषा वेगळी, धाकट्याशी वेगळी.

“हे तर आपलं अहो-अगंच की,” परीक्षित माझ्या कानाशी म्हणाला.

मी तीस. तो एकोणतीस. मिसेस यूननी टाळी वाजवली आणि त्याला बजावलं, की हिला नुसत्या नावाने हाक मारायची नाही. ‘नूना’ म्हणायचं. म्हणजे मोठी बहीण.

तो माझ्याकडे वळला. चेहरा गंभीर, डोळे मात्र हसरे. “मग काय... ताई म्हणू?”

“म्हणून तर बघ!”

“नको नको. एकदा म्हटलं की माणूस कामातून गेला.”

“कुठल्या कामातून?”

माझा कप रिकामा दिसल्यावर त्याने दोन्ही हातांनी किटली उचलली आणि सातूचा गरम चहा ओतला. इथे आपला कप आपण भरायचा नसतो, शेजाऱ्याने भरायचा. म्हणजे शेजाऱ्याच्या कपावर सतत लक्ष ठेवावं लागतं. त्याचं होतं. माझंही होतं, कशाला खोटं बोलू!

“तू इथे कसा? मालिका?” मी विचारलं.

“छे. कामासाठी.” तो विमानांचे पंख डिझाइन करतो. “कंपनी मला बुसानला पाठवतेय. साउथ कोरिया. दोन वर्षं. म्हटलं, जायच्या आधी बसायचं-वाकायचं तरी शिकून घ्यावं.”

“कधी?”

“येत्या शुक्रवारी.”

चहा एकदम बेचव लागला. सकाळपासून ओळख असलेल्या माणसाने शुक्रवारी कुठेही जावं, माझं काय जात होतं? पण जात होतं. आणि मला त्याचा रागही आला, कारण हे सगळं मी एकदा करून बसले होते. नागपूरहून इकडे आले तेव्हा सुहास मागे राहिला होता. आमचं ठरलेलं होतं. आधी रोज फोन, मग रविवारी, मग सणावारी, मग त्याच्या लग्नाचा फोटो — तोही दुसऱ्याच कुणीतरी पाठवलेला. त्यानंतर मी स्वतःला बजावलं होतं, विमानाने जायच्या अंतरावरच्या माणसात जीव गुंतवायचा नाही. बास.

रविवारी पारंपरिक लग्नाचं प्रात्यक्षिक होतं. नवरानवरी हवे होते. मिसेस यूननी कुणाला विचारलंसुद्धा नाही, सरळ आम्हा दोघांना उभं केलं. मला लाल, जड, पायघोळ हानबोक. दोन्ही हातांवर लांब पांढरं वस्त्र. त्याला निळा झगा आणि दोन्ही बाजूंना पंख असलेली काळी टोपी.

“पंखाचं डिझाइन फॉल्टी आहे,” तो पुटपुटला. मला हसू आवरेना.

मधे मेज, त्यावर खजूर, चेस्टनट, बांबूच्या फांद्या. मिसेस यूननी समजावलं. नवरीने दोनदा वाकायचं, मग नवऱ्याने एकदा.

“ती दोनदा आणि तो एकदा? का?” मी विचारलं.

“रीत आहे.”

“असेल. पण मी बाबासाहेबांना मानणाऱ्या घरातली मुलगी आहे. मला हे जमणार नाही. दोघांनी सारखंच वाकायचं.”

हे मी म्हटलं खरं, आणि मग कानांपर्यंत लाल झाले. परक्यांच्या घरी पाहुणी येऊन भांडत होते. मिसेस यून म्हणाल्या की त्यांच्या मुलीनेही लग्नात हेच भांडण काढलं होतं. बरं, एकेकदा वाका.

मी गुडघे टेकले, हात जमिनीला, कपाळ हातांना. आणि त्यापुढे डोकं चाललंच नाही, शरीरच चाललं. लहानपणापासून दर पौर्णिमेला विहारात जे केलं तेच. उठले, वाकले. उठले, पुन्हा वाकले. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा हॉलभर हशा. मिसेस यून तोंडावर हात धरून हसत होत्या. तीनदा फक्त बुद्धाला, मुली! नवऱ्याला नाही!

मला धरणी दुभंगावी असं झालं. मी त्याच्याकडे बघितलं. आता हा काय जोक मारणार...

तो हसत नव्हता. त्याने झगा सावरला, गुडघे टेकले आणि वाकला. सावकाश. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टोपी पडली, ती बाजूला ठेवून त्याने वाकणं पूर्ण केलं.

“सारखंच म्हणाली होतीस ना?” तो हळूच म्हणाला.

बजावलेलं सगळं तिथेच संपलं. मला तो आवडला. नुसता आवडला नाही, पार आवडला.

दुपारी आम्ही व्हिक्टोरिया कोच स्टेशनवर उभे होतो. माझी लेस्टरची बस साडेतीनला, त्याची ब्रिस्टलची चारला.

“मी रोज फोन करेन,” तो म्हणाला.

“नको करूस.”

“...का?”

मग मी त्याला सुहासचं सगळं सांगितलं, फोटोपर्यंत. गर्दी धक्के मारत होती, आम्ही हललो नाही.

“मग मी काय करू, धम्मशीला? शुक्रवार तर टळत नाही. आणि तुला विसरणंही जमणार नाही. काल सकाळी ओल्या मोज्यांत पळालो तेव्हापासूनच जमणार नाही.”

“मला तू आवडतोस,” मी म्हटलं. “पण मी वाट बघत बसणार नाही. एकदा बसले. माझ्याच्याने ते होत नाही.”

त्याने मान हलवली. डोळे खाली. त्याला वाटलं, मी नाही म्हणाले. ड्रायव्हर सामान आत टाकायला लागला होता. मी फोन काढून त्याच्यासमोरच आईला लावला. स्पीकरवर.

“जेवलीस का?” आईचं पहिलं वाक्य नेहमीचंच.

“जेवले. आई, ऐक ना. सप्टेंबरची माझी लीव्ह मंजूर झालीय. पण नागपूरला पंधरा दिवस नाही, आठच दिवस येईन. आधी बुसानला जाईन, मग तुझ्याकडे.”

परीक्षितने मान वर केली.

“बुसान?” आई म्हणाली. “हे कुठे आलं? लंडनहून येताना वाटेत लागतं का?”

“नाही गं आई,” मी त्याच्या डोळ्यांत बघत म्हटलं. “वाटेत अजिबात लागत नाही.”