दर दोन सेकंदांनी

हर्सूलच्या आमच्या ऑफिसला दुपारी चारला कायमचं कुलूप लागणार होतं. बाकीचे महिनाभरापूर्वीच पुण्याला गेले. राहिलेले स्विच काढायचे, 'एकही यंत्र चालू नाही' या कागदावर सही करायची, की मीही मोकळी. मला या खोलीतून सुटायचंच होतं. मागच्या वर्षी आमचे जुने तंत्रज्ञ फारूखभाई इथंच, एकटे असताना वारले. त्या दुपारी त्यांनी मला तीनदा फोन केला. मी उचलला नाही. म्हटलं, म्हाताऱ्याला गप्पा मारायच्या असतील.

स्विच म्हणजे ऑफिसच्या केबली जिथं येऊन मिळतात ती पेटी. या पेट्या दर दोन सेकंदांनी एकमेकींना निरोप धाडतात: आपला प्रमुख अमुक. प्रमुख गप्प झाला, की वीस सेकंद वाट बघून दुसरी पेटी प्रमुख होते. रुसवेफुगवे नाहीत, माणसांपेक्षा बरं.

फारूखभाईंनी स्वतःच्या टेबलाजवळचा स्विच प्रमुख केला होता. तो मी सगळ्यात आधी काढून खोक्यात ठेवला.

शेवटी एकच स्विच उरला. त्याला फक्त माझा लॅपटॉप जोडलेला. आता त्यानं स्वतःलाच प्रमुख म्हणायला हवं होतं.

वीस सेकंद झाले. पाच मिनिटं झाली. पडद्यावर निरोप येतच होते: प्रमुख, फारूखभाईंचा स्विच. अंतर, एक केबल.

मी खोक्यात बघितलं. स्विच तिथंच होता, वायरीविना, गार.

"रामकिसनमामा, वर कुणी आहे का?"

वॉचमन रामकिसनमामा दाराबाहेरूनच बोलले. "कोण राहील मॅडम? सगळे गेले की. तुमी बी निघा. इथं लई थांबू नाय."

मी शेवटच्या स्विचचीही पिन उपटली. दिवे विझले. लॅपटॉपची केबल काढली, वायफाय बंद केलं.

दोन सेकंद.

निरोप आला.

अशा निरोपाच्या पाकिटावर कुणा एकाचं नाव कधीच नसतं. ठरलेला एकच पत्ता असतो, ऐकणाऱ्या सगळ्या स्विचांसाठी.

या पाकिटावर माझ्या लॅपटॉपचा पत्ता होता. अंतर, शून्य.

मला आधी रडू आलं. भीती नंतर.

"झालं का मॅडम?" मामांच्या हातात कुलूप वाजलं.

"लावा तुम्ही," मी म्हटलं. "आम्ही बसतो थोडं."