डाग न ठेवता

डबीच्या उजव्या कोपऱ्यात धूळ चौकोनी बसली होती. बाकीचं प्लास्टिक लख्ख, आणि जिथं किमतीचं लेबल होतं तेवढ्याच जागेवर एक करडा ठसा. कडेनं गडद, मध्ये फिकट. समीक्षानं तो रांगेत उभ्या उभ्या पाहिला. डबी तिच्या पुढच्या माणसाच्या हातात होती. आत एक इवलीशी लाल मोटार.

“हा डिंक काढायला एक बाटली थिनर द्या,” जळगावच्या फुले मार्केटजवळच्या एका रंगाच्या दुकानात तो म्हणाला.

“थिनर नका घेऊ.” तिच्या तोंडून निघून गेलं.

तो वळला. “का हो? दुकान तुमचं आहे?”

“दुकान माझं असतं तर विकलं असतं. ही डबी पॉलिस्टायरिन प्लास्टिकची आहे. थिनर लागलं की दुधासारखी पांढरी होईल. मग गाडी दिसायचीच नाही.”

“नुसतं बघून कळतं तुम्हाला?”

“बघून नाही. मघाशी काउंटरवर ठेवलीत तेव्हा पत्र्यासारखी वाजली.”

“म्हणजे मघापासून तुमचं लक्ष माझ्याकडं...”

“डबीकडं,” समीक्षा म्हणाली, आणि आपले कान तापलेत हे तिला जाणवलं.

तो भूपेंद्र पाटील. धुळ्याचा, देवपूरचा. शेतीपंपांचा विक्रेता, मालासाठी जळगावला यायचा आणि छोट्या मोटारी त्यांच्या मूळ डब्यांसकट जमवायचा. ती एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत प्लास्टिक तपासायची. पुढच्या रविवारी तो पिशवीभर डब्या घेऊन तिच्या घरी आला. मग येतच राहिला.

ती शिकवायची, तो शिकायचा. आधी गाडी बाहेर काढायची. केस वाळवायच्या मशीनची कोमट हवा लांबून द्यायची, लेबल कोपऱ्यातून आडवं, सावकाश ओढायचं. उरलेल्या डिंकावर कापसानं थोडं खोबरेल तेल, जास्त वेळ मात्र नाही. अंगठ्यानं गोल गोल फिरवलं की डिंकाच्या वळ्या होतात. शेवटी साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड. भूपेंद्रला धीर नव्हता. तो नख लावायचा. ती त्याच्या बोटावर चापटी मारायची.

“ओरखडा पडेल.”

“पडू दे. मग परत यायला कारण मिळेल.”

“कारण लागतं तुला?”

तो नुसता तिच्या तेलकट बोटांकडे बघत राहिला. त्या दुपारी एकही डबी साफ झाली नाही.

तिची आई लिलाबाई त्याला शेवभाजी वाढायची आणि तो दोनदा मागून घ्यायचा. तो गेला की आई म्हणायची, “पोऱ्या गुणना शे. पन त्याना घरमा म्हाईत शे का?”

घरात माहीत नव्हतं. तो पाटलांचा, समीक्षा बौद्ध कुटुंबातली. “दिवाळीनंतर सांगतो,” भूपेंद्र म्हणाला. मग, “भावाचं लग्न होऊ दे.” मग, “आईचं गुडघ्याचं ऑपरेशन...” दरम्यान बडोद्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं समीक्षाला नोकरीसाठी बोलावलं. तिनं विचाराला मुदत मागून घेतली. ती संपत आली, तिनं आणखी मागितली. त्याच्या घराचं दार एकदा उघडलं की काय कळवायचं ते कळवू, असं ती स्वतःला सांगत राहिली.

मग देवपूरच्या एका सभागृहात संग्राहकांचं प्रदर्शन ठरलं. त्या दिवशी सकाळी भूपेंद्रनं फोनवर फोटो पाठवला. मोटारींच्या मोठ्या पारदर्शक पेटीवर एक लेबल : ‘डब्यांची निगा – समीक्षा सुरवाडे’. खाली लिहिलं होतं, “आज आई येतेय. तूही ये.”

धुळ्याच्या एसटीत तिनं तो फोटो किती वेळा उघडला ते तिलाच ठाऊक.

ती पोहोचली तेव्हा पेटीवर लेबल नव्हतं. समीक्षा वाकली. उजेडाच्या बाजूनं पाहिलं, मग तिरकं. ठसा नाही, वळी नाही, ओरखडा नाही. खोबरेलाचा अगदी पुसट वास होता. घाईत ओरबाडलेलं नव्हतं ते.

“काढलंस?” तिनं मागून आलेल्या भूपेंद्रला विचारलं.

“अगं, आईबरोबर काका-काकूही निघाल्याचा फोन आला.” त्यानं आवाज खाली आणला. “आडनाव वाचलं की लगेच सुरू झालं असतं त्यांचं. नुसतं आडनाव कापलं असतं, तर ते विचित्र दिसलं असतं. म्हणून सगळंच...”

“किती वेळ लागला?”

“अर्धा तास तरी. तू शिकवलंस तसंच केलं, नख लावलंच नाही. डाग राहिला का कुठं?”

तिनं पुन्हा पाहिलं, कामावर पाहते तसं. “नाही. चांगलं निघालंय.”

तो खूश झाला. तेच तिला सहन झालं नाही.

इतक्यात त्याची आई, कोकिळाबाई आल्या. एका हातात काठी, चेहरा हसरा. “कोनी पोर शे तू, बेटा?”

“ही जळगावची, आई,” भूपेंद्र मध्येच म्हणाला. “डब्या साफ करून देते.”

समीक्षानं त्याच्याकडे पाहिलं नाही. “मी समीक्षा सुरवाडे. मुक्ताईनगरच्या लोटन सुरवाड्यांची मुलगी.”

“मुक्ताईनगर? मनी बहीण तठेच दियेल शे.” बहिणीच्या सासरचं गाव निघालं म्हणून खुललेल्या कोकिळाबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. “चहा लिधा का? ले बरं.” आणि त्या काठी टेकत खुर्च्यांकडे गेल्या.

त्या हाताचा अर्थ काय होता? कदाचित काहीच नव्हता. कदाचित पुष्कळ असता, कुणी विचारलं असतं तर. समीक्षा त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

भूपेंद्रनं कपाळ पुसलं. “वाचलो,” तो हसून म्हणाला. “आडनावाकडं लक्षच गेलं नाही तिचं. केवढ्यानं बोललीस तू... माझा तर श्वासच अडकला. जरा थांब गं, पावसाळा संपला की मी नक्की—”

“राहू दे, भूपेंद्र.” तिचा आवाज स्वच्छ होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वर केली. “आता घरी काही सांगू नकोस. मी बडोद्याला जातेय.”