सिस्टरबाईंची एकच हाक

ही ऐकीव गोष्ट नाही. घडलेली आहे. शेंद्र्याच्या वस्तीतली माणसं आजही ती सांगताना आवाज खाली आणतात.

पुंजाराम मात्र आणत नाही.

त्या दिवशी मुकुंदवाडीत नळाला पाणी आलं होतं. आठवड्यानं आलेलं पाणी, सगळी गल्ली धावपळीत. पुंजाराम ड्रममध्ये पाइप धरून उभा होता, तेव्हा फोन वाजला. पलीकडचा माणूस अनोळखी होता.

"स्कूटीवरच्या सिस्टर तुमच्या कोण?"

"बायको हाय माझी. काय झालं?"

जालना रोडवर ट्रकनं उडवलं होतं. जागेवरच गेली.

पाइप हातातून सुटला. पाणी गल्लीभर वाहत गेलं. त्याला कोणी एका शब्दानं बोललं नाही.

सुलेखा घरोघरी जाणारी नर्स होती. शेंद्र्याच्या कंपन्यांच्या आसपासच्या वस्त्यांत ज्या कोवळ्या पोरी बाळंत व्हायच्या, ज्यांचं माहेर लांब होतं, त्यांना आणि त्यांच्या तान्ह्यांना बघायला जायची.

त्या वस्त्यांत एक जुनं भय आहे. बाळंतिणीनं पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस पुन्हा हाक मारतं.

'ते' एकदाच मारतं... आणि ओ दिली की घेऊन जातं.

सुलेखा याला कधी हसली नाही. दारात उभी राहून तीनदा हाक मारायची. "तनुजा! तनुजा! अगं ए तनुजा, उघड की, ऊन लई हाय!" मग दार उघडायचं.

तेराव्यानंतर लक्ष्मीबाईचा फोन आला. तनुजाची सासू.

"पुंजारामभाऊ, राग मानू नका. तुमची बाई येतीय."

"कुठं येतीय?"

"आमच्या दारात. भर दुपारी. सुनेला हाक मारती... एकदाच. तेवढा बंदोबस्त करा. नायतर आम्ही करतो. उतारा करणारा माणूस बघून ठेवलाय."

पुंजारामचं डोकं फिरलं.

"उन्हातान्हात तुमच्याच लेकराबाळांसाठी मेली ती. बंदोबस्त चोराचा करत्यात. तुमचा माणूस मी येईपर्यंत दारात दिसला नाय पायजे."

तो गाडीला किक मारून निघाला.

लक्ष्मीबाईच्या दाराला लिंबू आणि बिब्बा टांगलेला होता. तिनं फटीतून त्याला आत घेतलं आणि पुन्हा कडी लावली. मागच्या खोलीत बाळंतीण. तिकडं परक्या पुरुषानं जायचं नाही. तो पुढच्या खोलीत दाराकडं तोंड करून बसला.

"चहा ठेवू का?"

"ठेवा. ती आली तर दोघांचा ठेवा."

लक्ष्मीबाईचा चेहरा पांढरा पडला.

कंपनीचा बाराचा भोंगा झाला.

मग... पंखा थांबला.

कोंबड्या गप झाल्या. रस्त्यावरच्या टेंपोंचा आवाजही येईना.

आणि दाराबाहेरून...

"तनुजा..."

सुलेखाचाच आवाज. लई दमलेला.

लक्ष्मीबाई आत पळाली आणि सुनेच्या तोंडावर हात दाबून बसली. पुंजाराम दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिला.

दुसरी हाक आली नाही.

त्यानं फटीतून पाहिलं. नुसतं ऊन. सावली नाही. धुळीत पाऊल नाही.

"ओ!" तो ओरडला.

"भाऊ! काय केलं हो हे!"

"ओ दिली. बायको हाय माझी. न्यायचं तर मला नेईल." तो दाराजवळ गेला. "सुलेखा, मी हाय. काय काम हाय, बोल!"

त्यानं दाराला कान लावला.

घर इतकं शांत होतं... आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

या घरात तान्हं मूल होतं. आल्यापासून त्यानं त्याचा आवाजच ऐकला नव्हता.

"लक्ष्मीबाई, बाळ रडत कसं नाय?"

"गुणाचं हाय लेकरू. कालपासून निजून हाय."

आतून तनुजाचा हुंदका आला. "दूधच ओढत नाय हो दाजी! कालपासून सांगतीय मी. आत्याबाई दारच उघडू देत नाय."

तो आत घुसला.

"अहो विटाळ! भाऊ, विटाळ हाय!"

"होऊ द्या मला."

बाळाचे पाय गार पडले होते. अंग हळदीसारखं पिवळं. त्यानं ते तनुजाच्या छातीशी धरायला लावलं, वरून गोधडी गुंडाळली. दाराचं लिंबू ओढून रस्त्यावर भिरकावलं आणि रिक्षा अडवली.

"आज आणलं म्हणून," दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाल्या.

बाळ वाचलं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर लक्ष्मीबाई त्याच्याकडं बघत नव्हती. "आता तुमचं काय खरं नाय, भाऊ. ओ दिली तुम्ही."

"व्हय, दिली. रोज देईन."

आणि तो रोज देतो.

कारण आता हाक मुकुंदवाडीत येते, त्याच्याच दारात. भर दुपारी. एकदाच. नाव त्याचं नसतं. तनुजाचंही नसतं.

"करुणा..."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. अजून येतो. तरी तो ओ देतो आणि विचारतो, "कुठली करुणा? कुठं राहती?"



त्यानं शेंद्रा पालथा घातला. शहराच्या पार पलीकडं, पडेगावापर्यंत जाऊन आला. एक करुणा सापडली, तर ती सत्तरीची निघाली. "मला आता कुठलं बाळंतपण रं बाबा!" म्हणत तिनं त्याला पाणी पाजलं.

नवी सिस्टर पाठवा म्हणून आरोग्य केंद्रात जाऊन तो भांडतो. दर वेळी "येईल, येईल" एवढंच ऐकून परत येतो.

सुलेखाच्या जागी नवी सिस्टर अजून आलेली नाही. ती करुणाही अजून सापडलेली नाही.